मधलं बघणारे सर

सरांपुढे कुणी विडा धरला, की ते तो नम्रपणे घ्यायचे, उलगडायचे, आतली सुपारी काढून शर्टाच्या खिशात टाकायचे आणि पान परत ताटात ठेवायचे. लग्न असो, वास्तुशांत असो, कुणाच्या घरचं बारसं असो. यजमान बिचारे ताट धरून उभे राहायचे. मान घेतला म्हणायचं की परत केला, हे त्यांना कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती सुपारी आमच्या विभागात यायची. खिडकीजवळच्या फळीवर, फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या गाठी आणि आतड्यांच्या रांगेत, एक मोठी काचेची बरणी होती, नुसत्या सुपाऱ्यांनी भरलेली. नवीन आलेला विद्यार्थी हमखास विचारायचा, "सर, हा कुठला आजार?" सर म्हणायचे, "अजून झालेला नाही. व्हायच्या आधीच काढून आणला."

मी सांगलीत पॅथॉलॉजी शिकायला गेले तेव्हा सर आमचे विभागप्रमुख होते. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप करून काचपट्टीवर रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून आजाराचं नाव सांगायचं, हे आमचं काम. या कामात सगळं जग पेशींकडे बघतं. पेशी मोठी झाली का, तिचं केंद्रक काळं पडलं का, ती वेडीवाकडी वाढतेय का. सरांना पेशींचा कंटाळाच असावा. ते पेशींच्या मधली जागा बघायचे. "मधलं बघा, मधलं!" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, की कॅन्टीनमध्ये सामोसा फोडतानाही कुणीतरी ते म्हणायचंच.

मधली जागा म्हणजे भरावाची जागा, असंच पुस्तकं वाचून आमचं मत झालेलं. तिथे गुलाबी धागे असतात, त्यांना कोलॅजन म्हणतात, त्यांच्यामुळे अवयवाला आकार येतो, संपलं. सर त्याला मांडव म्हणायचे. पेशींनीच विणलेला आणि पेशींनाच धरून ठेवणारा. पेशीच्या अंगाला बारीक आकडे असतात, त्यांनी ती या धाग्यांना धरून बसलेली असते. धागा मऊ असला तर तिला एक निरोप जातो, ताठ असला तर दुसरा. धाग्याची ओढ पार आत केंद्रकापर्यंत पोचते आणि त्यावर पेशी ठरवते, वाढायचं की थांबायचं, जगायचं की मरायचं. वाढीचे कितीतरी निरोप या मांडवातच अडकवून ठेवलेले असतात, तो विस्कटला की ते मोकाट सुटतात. "पेशी बिघडली, पेशी बिघडली म्हणून बोंब मारता," सर चिडून म्हणायचे, "तिच्या आजूबाजूचे तिला इतकी वर्षं काय सांगत होते, ते कुणी विचारलं?"

एका तोंडी परीक्षेत माझ्या वर्गमित्राने काचपट्टीवरच्या पेशींचं फार सुंदर वर्णन केलं. बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले. सर म्हणाले, "घरातली माणसं सगळी सांगितलीस. आता घर सांग." तो बिचारा घामाघूम झाला. त्याला पास केलं, पण पुढे वर्षभर सर त्याला भेटले की विचारायचे, "काय रे, घर मिळालं का?"

शिकवण्याची त्यांची तऱ्हाही न्यारी. एकदा आम्हा सगळ्यांना त्यांनी मिरजेच्या पुढे एका जैन शेतकऱ्याच्या द्राक्षबागेत नेलं. बागेचे मालक आण्णा सरांचे जुने स्नेही होते. सर तारांच्या मांडवाखाली उभे राहून तासभर बोलले. वेल कशी तारेला हात घालून पुढे जाते, तार कशी तिला वळण लावते, एकीकडची तार वाजवीपेक्षा जास्त ताणली तर काय होतं. आम्ही चिखलात उभे. आण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर, समदं खरं हाय तुमचं, पण पोरांस्नी एवढं लांब आणलंसा, द्राक्षं तरी खाऊ द्या की." सरांनी स्वतःच पहिला घड तोडला.

हाताला लागेल ती वस्तू अंगठ्याने दाबून बघायची, ही त्यांची आणखी एक खोड. गादी, टायर, भाकरी, लहान मुलांचे गाल. आमच्याकडेही आधी डोळे मिटून तुकडा बोटांनी चाचपायचा आणि मगच सूक्ष्मदर्शकाकडे जायचं, असा नियम होता. मंडईतली एक भाजीवाली त्यांना बघितलं की टोपली मागे ओढायची. "दादा, वांगी हायत ती, गळवं न्हाईत," असं ती सगळ्यांसमोर सुनवायची आणि सर मनापासून माफी मागायचे.

पण सांगली त्यांना ओळखायची ती तीन बोटांसाठी. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. मावा खाणाऱ्याची हळूहळू मावेनाशी होतात. मावा म्हणजे कच्च्या सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना, प्लॅस्टिकच्या कागदात चोळून केलेला. आमच्या भागात तो कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. सुपारीने गालाच्या आतला मांडव जाड आणि ताठ होत जातो. धागे नवे नवे येत राहतात, जुने मोडत नाहीत, एकमेकांत गुंततात. गाल आतून पांढरा पडतो, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासं होतं. पुढे त्यातल्या काहींना कॅन्सर होतो. म्हणून सर भेटेल त्याला सांगायचे, "तीन बोटं घाल बघू." रिक्षावाल्याला, बँकेतल्या शिपायाला, नातेवाइकांच्या मुलांना. हेल्मेट नाही म्हणून अडवणाऱ्या ट्रॅफिक पोलिसालाही त्यांनी आधी तोंड उघडायला लावलं. त्याची तीन बोटं आरामात गेली. सरांनी आनंदाने दंड भरला.

आम्हाला हे सगळं मजेचं वाटायचं. त्यांच्या पुतणीची सुपारी फुटायची होती, त्या दिवसापर्यंत.

सरांचं गाव रहिमतपूरजवळ. थोरले भाऊ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा ऊस बघायचे. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांना एकच मुलगी. सरांना मूलबाळ नव्हतं, पत्नी फार लवकर गेल्या, त्यामुळे या पुतणीवर त्यांचा जीव. माझं माहेर कोरेगावला. सुट्टीला मी निघाले होते, तेव्हा सर म्हणाले, "चल माझ्या गाडीतून. वाटेत आमच्या पोरीची सुपारी आहे, जेवून जा."

आमच्याकडे लग्न ठरलं म्हणजे सुपारी फुटली. दोन्हीकडची माणसं बसतात, देण्याघेण्याचं बोलणं होतं, मग जाणता माणूस अडकित्त्याने सुपारी फोडतो आणि ती सगळ्यांना वाटतात. त्यानंतर कुणी मागे फिरत नाही. आबांच्या अंगणात ताडपत्री बांधली होती. लोणंदकडची माणसं आली होती. मुलगा तिथल्या एका कारखान्याचा ट्रक चालवायचा, उंच, सावळा, लाजरा. पुतणी नव्या साडीत दाराशी उभी होती आणि चोरून त्याच्याकडे बघत होती.

मुलीच्या मामाने मुलाच्या तोंडाशी पेढा नेला. मुलाने तो हातात घेतला, त्याचे बारीक तुकडे केले आणि एकेक तुकडा ओठांच्या फटीतून आत सरकवला. सगळ्यांना वाटलं, पोरगा शालीन आहे. मी सरांकडे बघितलं. सर उठले होते.

"बाळ, जरा उभा राहतोस?" ते म्हणाले. मुलाला वाटलं, पाया पडायचं. तो वाकला. सरांनी त्याला वर उठवलं. "तीन बोटं उभी धर आणि दातांमध्ये घाल."

लोक हसले. मुलगाही हसला आणि त्याने बोटं नेली. एक गेलं, दुसरं अर्ध्यावर अडलं. सरांनी खिशातली बॅटरी काढून आत बघितलं, गालावर अंगठा दाबला.

"मावा किती वर्षं खातोस?"

मुलाचे चुलते उठले. "आवं डॉक्टर, मावा कोण खात न्हाई? लगीन ठरवाय बसलोय का दवाखान्यात आलोय?"

सर त्यांना समजावायला लागले. वर्गात समजावतात तसं, मोठ्या आवाजात, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. गाल आतून ताठ झालाय, दोरीसारखे पट्टे लागतायत, यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, आधी उपचार, मग लग्नाचं बघू. कॅन्सर म्हटल्यावर अडकित्ता घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याने सुपारी हळूच परत ताटात ठेवली. लोणंदची माणसं न जेवता उठली. मुलगा अजून तसाच उभा होता, हात तोंडापाशी.

गाड्या गेल्यावर आबा सरांसमोर येऊन उभे राहिले. "तुझी डाक्टरकी दवाखान्यात ठिवायची हुतीस. चार माणसांत माझ्या पोरीचं लगीन मोडलंस. आजपास्नं ह्या उंबऱ्याला तुझा पाय लागता कामा न्हाई."

गाडीत सर फक्त एकदा बोलले. "दीड बोट. या वयात दीड बोट." आपण काय केलं हे त्यांना कळलेलंच नव्हतं. आपण पुतणीला वाचवलं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मला त्यांचा इतका राग आला होता, की कोरेगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांनी मुलाला उपचारासाठी दोनतीनदा बोलावणं पाठवलं. तो आला नाही. मग लोणंदला दवाखाना चालवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. मुलगा आधी खायचा त्याच्या दुप्पट मावा खात होता. गोष्ट तालुकाभर झाली होती. दुसरीकडची दोन स्थळं ऐकूनच मागे फिरली. कामावरची माणसं त्याला 'दीड बोट' म्हणूनच हाक मारत होती. फोन ठेवल्यावर सर मला म्हणाले, "मी तोंड बघितलं. तोंड कुणाचं आहे, ते बघितलंच नाही गं." विभागात इतकी वर्षं आम्हाला ओरडणारा माणूस इतक्या बारीक आवाजात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकला. राग माझा तिथेच संपला.

त्या रविवारपासून सर लोणंदला जायला लागले. सांगलीहून रेल्वेने. वाटेत रहिमतपूर स्टेशन लागायचं. ते खिडकीतून बघायचे आणि तसेच पुढे जायचे. एकदा मी बरोबर गेले. स्टेशनच्या बाहेर एका टपरीपाशी तो मुलगा मित्रांबरोबर उभा होता. आम्हाला बघून त्याने कागदातला मावा मुद्दाम तोंडात टाकला.

"आता काय बघायचं ऱ्हायलंय, डॉक्टर?" तो म्हणाला. "माझं तोंड अख्ख्या गावाला दावलंसा की."

"चुकलं माझं," सर म्हणाले. "लोकांदेखत बोलायला नको होतं. पण आजार खरा आहे. बरं करून घ्यायला ये."

मित्र फिदीफिदी हसले. मुलाने पाठ फिरवली. सर टपरीवर चहा घेऊन दुपारच्या गाडीपर्यंत तिथेच बसून राहिले, कुणाला उपदेश केला नाही. येताना गाडीत मला म्हणाले, "मावा सुटेल त्याचा. पण तो उभा राहतो त्या जागी मावा हेच बोलणं आहे, मावा हीच दोस्ती आहे. तिथे ठेवून कसा सुटेल?" पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. मुलगा मला नंतर सांगायचा, "म्हातारा ऊन बघंना, पाऊस बघंना. शेवटी माझीच मला लाज वाटाय लागली."

सरांनी त्याला सांगलीला आणलं, विश्रामबागेतल्या आपल्या घराच्या वरच्या खोलीत ठेवलं. आण्णांच्या बागेवर टेम्पो चालवायचं काम मिळवून दिलं, कारण आण्णांच्या आवारात तंबाखूला बंदी होती. गालात इंजेक्शनं सुरू झाली. तोंड उघडायचा व्यायाम सरांनी शिकवला. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, जमलं की हळूच आणखी एक सरकवायची. संध्याकाळी तो पायऱ्यांवर काड्या धरून बसायचा, डोळ्यांतून पाणी गळायचं आणि सर शेजारी बसून पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. वर्षभरात दोन बोटं जायला लागली. एक दिवस त्याने अख्खा पेढा तोंडात टाकला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

इकडे पुतणीचं लग्न जमत नव्हतं. मुलगी चांगली, घर चांगलं, पण "चुलता पोराला तोंड उघडाय लावतोय" हे सगळीकडे पोचलेलं. आबा खचले होते. ती सांगलीत एका बालवाडीत नोकरीला लागली, महिलांच्या वसतिगृहात राहू लागली आणि वडिलांना न सांगता रविवारी सरांकडे येऊ लागली. ती चुलत्यासाठी येत नव्हती, हे मला लवकरच कळलं. मी विचारलं तर तिने सरळ सांगितलं. "ताई, त्या दिवशी जाताना त्यानं बोटं खाली घेतली आन् माझ्याकडं बघून म्हणला, माफ करा. एवढ्या माणसांत कुणी कुणाला माफ करा म्हणलं न्हाई, त्यो तेवढा म्हणला."

सरांना जेव्हा तिने सांगितलं, की आम्ही लग्न करणार आहोत, तेव्हा मी तिथेच होते. रविवारचं जेवण चाललं होतं, मुलगा बागेवर गेला होता. सरांनी घास खाली ठेवला. "नाही," ते म्हणाले.

"का न्हाई? तुमीच त्याला पोटच्या पोरागत ठिवलाय."

"ठेवलाय, कारण माझ्यामुळे त्याचं वाटोळं होत होतं. तुला द्यायला नाही ठेवलेला." मग त्यांनी तिला ताटावरच सगळं समजावलं. मावा सुटला तरी मांडव पहिल्यासारखा होत नाही. एकमेकांत गुंतलेले ते ताठ धागे तिथेच आहेत आणि पेशींना अजून तेच सांगतायत जे आधी सांगत होते. आज काही नाही, पाच वर्षांनी काय, पंधरा वर्षांनी काय, कुणी सांगू शकत नाही. "मी तुला विधवा झालेली बघू?" असं ते म्हणाले.

ती रडली नाही. शांतपणे म्हणाली, "नाना, एकट्या पेशीकडं बघू नका, तिच्या शेजारचं बघा, असं तुमीच ह्या पोरींस्नी शिकिवता न्हवं? मग त्याच्या शेजारी मी ऱ्हायले तर काय हुईल, ते कुठल्या काचंवर बघितलंसा?"

सरांना मी परीक्षकांशी, डीनशी, मंत्र्यांशी भांडताना बघितलं होतं. त्या दिवशी ते अर्ध्या ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले.

मग त्यांनी मुलाच्या गालाचा एक तुकडा तपासायला घेतला. दोघांनी एकाच वेळी बघता येईल असा सूक्ष्मदर्शक आमच्याकडे होता, त्यावर सर आणि मी समोरासमोर बसलो. पेशींच्या थराखाली एक अतिशय पातळ पडदा असतो. पेशी त्याच्या वर आहेत तोवर ठीक, तो फोडून खाली उतरल्या की कॅन्सर. पडदा शाबूत होता. खाली धाग्यांचे जाड, निर्जीव पट्टे आणि एका जागी तळाच्या पेशी थोड्या अस्वस्थ. ना हो म्हणता येत होतं, ना नाही. नंतर सरांनी दोघांना बोलावून जे होतं ते न लपवता सांगितलं, अस्वस्थ जागा कुठली तेही बॅटरीच्या उजेडात पुतणीला दाखवलं. "मला भीती वाटते," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही ठरवा. माझ्याकडून होकार मागू नका."

त्यांनी नोंदणी करून लग्न केलं. आबा आले नाहीत. सर साक्षीदार म्हणून सही करायला आले आणि जेवायला न थांबता गेले. मला वाईट वाटलं, पण त्यांना खोटं हसता यायचं नाही.

पुढची वर्षं शांत गेली. सर निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत काही काळाने मी बसले. त्यांचे डोळे अधू झाले होते, काचपट्टी बघता येत नव्हती. पुतणी मात्र दर रविवारी नवऱ्याची आंघोळ झाली की त्याला दारात उजेडाला बसवायची, बॅटरी लावून गाल आतून बघायची, बोट फिरवायची. तो वैतागायचा, कधी कधी भांडायचा. ती सोडायची नाही. त्याच्या टेम्पोवाल्या मित्रांची मावा खायला घरी यायची सवयही तिने तोडली, प्रत्येकाला पोहे देऊन आणि प्रत्येकाच्या बायकोशी ओळख करून.

एका सोमवारी ती त्याला घेऊन थेट माझ्यासमोर उभी राहिली. "ताई, काल बोटाला लागलं. गेल्या रविवारी नव्हतं." मसुराएवढं होतं. वर लालसर, खाली टणक. दुखत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या नजरेलाही पडलं नसतं.

तुकडा मीच बघितला. पडदा फुटला होता. एका अरुंद जागी पेशी खाली उतरल्या होत्या, ताठ धाग्यांच्या मधून वाट काढत. मी काचपट्टी काढून ठेवली आणि सरांच्या घरी गेले. जाताना वाटत होतं, आता ते म्हणतील, मी सांगितलं होतं. त्यांना तसं म्हणायचा हक्कही होता.

त्यांनी विचारलं, "कुणाला सापडलं?"

"तिला."

"केवढं?"

"मसुराएवढं."

सर खुर्चीच्या हातावर अंगठा दाबत बसले. "इतकी वर्षं काम केलं," ते म्हणाले, "आपल्याकडे येतात ते गाल फुटून येतात. मसुराएवढं मला कधीच कुणी आणून दिलं नाही."

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळपासून सर आणि पुतणी बाहेरच्या बाकावर बसले होते. दोघांत फारसं बोलणं नव्हतं, लग्नापासून नव्हतंच. काढलेल्या भागाच्या कडा माझ्याकडे आल्या. असा तुकडा लगेच गोठवून, काप करून, सर्जन थांबलेला असतानाच निकाल द्यायचा असतो. कडेला एक जरी वाईट पेशी दिसली तर आणखी कापावं लागतं, कधी जबड्याचं हाड जातं, कधी सगळंच हाताबाहेर जातं. मी एकेक कड बघितली. पुन्हा बघितली. पेशी बघितल्या आणि सवयीने मधलंही बघितलं. मग आत फोन केला आणि बाहेर आले.

"कडा मोकळ्या आहेत," मी म्हणाले. "चारी बाजूंनी. मानेच्या गाठींचा निकाल यायचाय, पण आजार फार लहान होता. हाड वाचलं. मला वाटतं, वाचला तो."

पुतणीने पदर तोंडाला लावला आणि आवाज न करता रडायला लागली. सर तिच्याकडे वळले. त्यांना तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून ते फार जवळ सरकले.

"म्या नगं म्हणलो हुतो," ते म्हणाले. कॉलेजातले सर नव्हते ते. आबांच्या घरातला धाकटा भाऊ बोलत होता.

"व्हय," ती म्हणाली.

"तू ऐकलं न्हाईस."

"न्हाई ऐकलं."

"लय बरं केलंस, पोरी," सर म्हणाले. "लय बरं केलंस."

त्यांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. आतून नर्सने तिला बोलावलं, तरी तो हात त्यांच्याने लवकर उचलवला नाही.